बोलणी खायला निघालेल्या बोरस्ते बाई

आमच्या शाळेत कुणाला घर बदलायचं असलं की तो आधी बोरस्ते बाईंना गाठायचा. बँक, बिल्डर, वास्तुशास्त्र हे सगळं नंतर. बाई काही घरांच्या व्यवहारातल्या नव्हत्या. त्या खेळाच्या शिक्षिका. बुटक्या, काटक, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी. ती शिट्टी स्टाफरूममध्ये चहा पितानासुद्धा गळ्यात असायची. मी विज्ञान शिकवायचे आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं, म्हणून त्यांचं बोलणं मला इतरांपेक्षा जास्त ऐकावं लागलं. आणि बोलायच्याही खूप. शाळेत त्यांची भाषा शुद्ध, पण राग आला की सायखेड्याचं माहेर तोंडात यायचं. "लय झालं तुझं!" असं मैदानावरून ऐकू आलं की आम्ही वर्गातूनच ओळखायचो, कुणाची तरी शंभरी भरली.

त्यांच्या रागाचा एक किस्सा शाळेत अजून सांगतात. वार्षिक क्रीडा महोत्सवाला एक मोठे पाहुणे आले होते. त्यांना पुष्पगुच्छ दिला. साहेबांनी त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद ओरबाडून काढला आणि दिला खाली टाकून. मुख्याध्यापक हसतायत, फोटोवाला फोटो काढतोय, आणि एवढ्यात मैदानाच्या त्या टोकाकडून शिट्टी वाजली. लांब, फाउल झाल्यावर वाजवतात तशी. सगळी मुलं जागच्या जागी थांबली. बाई चालत आल्या आणि कागदाकडे फक्त बोट दाखवलं. पाहुण्यांनी वाकून कागद उचलला. मुख्याध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नंतर त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून घेतलं, तर बाई म्हणाल्या, "सर, मैदानावर जे चुकीचं दिसेल त्याला वाजवायचं. तेच माझं काम आहे."

आता घराचं. माझं लग्न झाल्यावर आम्ही काही वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली आणि मग फ्लॅट शोधायला लागलो. गंगापूर रोडच्या बाजूला एक फ्लॅट माझ्या नवऱ्याच्या, प्रशांतच्या, मनात भरला होता. स्वयंपाकघर तर असं की मी ओट्यावर हात फिरवत उभी राहिले. स्टाफरूममध्ये मी कौतुक सांगायला लागले, तशी बाईंनी विचारलं, "बोलणी खाल्लीस का तिथं?"

मला कळेना. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला तयार राहा. नवऱ्याला घे नाहीतर नको घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्यांच्या स्कूटीवर हजर. फ्लॅट बघायला वर यायलाच तयार नाहीत. "घरात काय बघायचं? टाइल्स आवडल्या नाहीत तर बदलता येतात. शेजार बदलता येतो का?" त्या गेटसमोर थांबल्या, पर्स उघडली आणि तिच्यातून बिस्किटांचा एक रिकामा पुडा काढला. लाल, चकचकीत, लांबून दिसेल असा. आणि भर रस्त्यात, अगदी निवांतपणे, खाली टाकला. मी तर उडालेच. ज्या बाईने मंत्र्याला, बरं मंत्री नाही, पण मोठ्या माणसाला कागद उचलायला लावला, ती बाई रस्त्यावर कचरा टाकतेय!

"गप उभी राहा," त्या म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसल्या. नाडी सुटलेली नव्हतीच.

ट्रॅकसूट घातलेले एक गृहस्थ आले. त्यांनी पुड्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि पुड्यावरून पाय टाकून पुढे गेले. मग वरच्या बाल्कनीतून एक बाई ओरडली. मला वाटलं, आली बोलणी! पण ती ओरडली वॉचमनवर. "अहो वॉचमन, दिसत नाही का? उचला ते!" आम्हाला एक शब्द नाही. वॉचमन बिचारा धावत आला, पण बाईंनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतः पुडा उचलला, पर्समध्ये ठेवला आणि स्कूटी सुरू केली. "वॉचमन बदलला की घाण सुरू," एवढंच म्हणाल्या. मी हे घरी सांगितलं तसा प्रशांत चिडला. मीही मनातून चिडले होते, खोटं कशाला बोलू? ते स्वयंपाकघर मला पुढे कितीतरी दिवस आठवत होतं.

हा त्यांचा पुडा. कायम एकच. शाळेतल्या निम्म्या लोकांच्या घरासाठी तो नाशिकभर पडून आला होता. तो टाकून तिथंच सोडून आल्या असं कधी झालं नाही, आणि दुसरं काही टाकत नसत. केळ्याचं साल टाका म्हटलं तर म्हणायच्या, "कुणी पडेल ना, अक्कल आहे का?" त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्वच्छ रस्ता बघून घर घेऊ नये. साहेब यायचा असला की रस्ता धुऊनसुद्धा काढतात. घाण करणाऱ्याला कोण बोलतं ते बघायचं. जिथं अनोळखी माणसाला कुणीतरी हक्काने बोलतं, तिथं राहायचं. बाकी त्या दोन गोष्टी बघायच्या. इमारतीच्या मागच्या बाजूला खिडक्यांखाली काय पडलंय, आणि घंटागाडी आल्यावर डबे घेऊन कोण कोण खाली उतरतं. "घरातली धाकटी सून एकटीच उतरत असेल तर समजायचं, बाकीच्यांना कचरा आपला वाटत नाही." आणि कंपाउंडच्या भिंतीवर देवांच्या टाइल्स लावलेल्या दिसल्या की त्या स्कूटी थांबवतसुद्धा नसत. "देवाला राखणीला बसवावं लागलं म्हणजे माणसं काय लायकीची असतील!"

म्हसरूळच्या बाजूला आम्ही एक कॉलनी बघितली. फार छान, दारोदारी तुळस, रांगोळ्या. पुडा टाकला. एक आजी घरातून बाहेर आल्या, काही न बोलता वाकल्या, पुडा उचलला आणि आत गेल्या. बाईंना पुडा परत मागून आणावा लागला! मी म्हटलं, "बघा बाई, किती चांगली माणसं आहेत. आता तरी घेऊ ना?" बाईंनी मान हलवली. "अख्ख्या गल्लीत वाकणारी ती एकटी आहे. ती आजारी पडली की काय करशील?" मला तेव्हा तो शुद्ध हट्टीपणा वाटला. प्रशांत तर म्हणाला, या बाईंच्या नादाने आपण आयुष्यभर भाड्याने राहणार.

शेवटी इंदिरानगरकडे एका जुन्या, रंग उडालेल्या इमारतीसमोर बाईंनी पुडा टाकला आणि तो जमिनीवर टेकतो न टेकतो तोच तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. "ओ बाई! तुमच्या घरी असंच करता का?" गच्चीवर कुरडया घालायला निघालेली एक बाई, हातात चिकाचं पातेलं, जिन्याच्या खिडकीतून ओरडत होती. तिचा आवाज ऐकून शेजारची खिडकी उघडली. "काय झालं हो?" "बघा ना, चांगल्या घरातल्या दिसतात आणि कचरा टाकतात!" मी शरमेने अर्धी झाले. बाईंचा चेहरा मात्र फुलला होता. त्या हात जोडून वर बघत म्हणाल्या, "चुकलं हो ताई!" आणि मला कोपराने ढोसून हळूच म्हणाल्या, "दोन खिडक्या उघडल्या. डोळे झाकून घे."

घेतलं. कुरडयांच्या त्या ताई आता माझ्या समोरच्या दारात राहतात. कचरा टाकणाऱ्या पार्टीतली म्हणून मला अजून चिडवतात.

मला एकच प्रश्न पडायचा आणि तो सगळ्या स्टाफला पडायचा. बाई स्वतः कुठं राहत होत्या? तर सिडकोच्या पुढे एका रो-हाउसमध्ये, आणि शेजारी एक मोकळा प्लॉट. त्या प्लॉटवर लोक कचरा टाकायचे. मालक कुठे परगावी. पहाटे पहाटे मोटारसायकलवरून यायचे, चालत्या गाडीवरून पिशवी भिरकवायचे आणि पसार. थंडीत कुणीतरी तो ढीग पेटवायचं आणि धूर सरळ बाईंच्या घरात. बाई पहाटेपासून फाटकात उभ्या राहून ओरडायच्या. एकदा मी स्पष्टच विचारलं, "बाई, आम्हाला इतकी निवडून घरं देता, तुम्ही कशाला तिथं राहता?"

"मी गेले तर तिथं ओरडणार कोण?" त्या म्हणाल्या. मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

त्यांचे मिस्टर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, दुसऱ्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. शांत माणूस. बाई दहा वाक्यं बोलल्या की ते एक बोलायचे आणि तेच लक्षात राहायचं. निवृत्तीनंतर त्यांना दम्याने धरलं. धुराने तो वाढत गेला. मी कधी गेले तर अण्णा हात वर करून स्वागत करायचे, बोलायला श्वास पुरायचा नाही. एका थंडीत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बाईंना बाहेर बोलावून सांगितलं की औषधं मी देतो, पण ते घर सोडा. पुढची थंडी त्या धुरात काढू नका, यांना झेपणार नाही.

बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा मला फोन आला. "वर्षा, सकाळी वेळ आहे का? या खेपेला घर मला बघायचंय." आवाज नेहमीचाच, पण मला कसंतरी झालं. त्या बाईंनी हरलेला आवाज काढला असता तर बरं वाटलं असतं.

आम्ही पावसाळाभर फिरलो. अण्णांना जिना चालणार नव्हता, म्हणून तळमजलाच हवा. तळमजला मिळाला तर समोर नाला, नाला नसला तर बोलणारं कुणी नाही. मी म्हणायचे, "बाई, आता परीक्षा नका घेऊ. दिवाळी आली." त्या म्हणायच्या, "चुकीच्या ठिकाणी नेलं तर पुन्हा हलवायला तो माणूस राहील का?"

शेवटी पाथर्डी फाट्याच्या पुढे एक सोसायटी सापडली. तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, मालक मुंबईला. मागच्या बाजूला एक चिंधी पडलेली नाही. बाईंनी गेटपाशी पुडा टाकला आणि नाडी बांधायला बसल्या. एक मुलगी कामावर निघाली होती, डोक्यात हेल्मेट, स्कूटर सुरू. तिने स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली आणि हेल्मेट न काढताच आली. "काकू, हे काय? समोर डबा दिसत नाही?" पुडा उचलला आणि बाईंच्या तळहातावर दाबून ठेवला. "घरी न्या तुमचा कचरा." बाई म्हणाल्या, "नेते गं बाई, नेते." तिचं नाव स्नेहल. ती वळून गेली तेव्हा बाईंचे डोळे भरून आले होते. मी त्यांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "ठरलं," त्या म्हणाल्या. "अण्णांना इथं आणायचं."

मालकाशी फोनवर बोलणं झालं. सामान बांधायला घेतलं. आणि दोन दिवसांनी मालकाचा फोन. "मॅडम, माझी काहीच हरकत नाही हो, पण सोसायटी नको म्हणतेय." झालं होतं असं की गेटवरच्या कॅमेऱ्यात बाई सापडल्या. पर्समधून काढून, इकडेतिकडे बघून, मुद्दाम कचरा टाकणारी बाई! तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. 'सदर महिला कोणाच्या ओळखीची असल्यास कळवावे.' आणि मग कळलं की सदर महिलाच भाडेकरू म्हणून येतेय.

बाईंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी हसूच फुटलं. मग मागून अण्णांचा खोकला ऐकू आला. तो थांबेचना. माझं हसू विरलं. प्लॉटवर त्या दिवशी पुन्हा पेटवलं होतं.

"बाई, जाऊन खरं काय ते सांगा ना," मी म्हटलं. "सांगा की तुम्ही बघत होतात, कोण बोलतंय ते."

बाई भडकल्या. "कारण सांगू? आमच्या प्लॉटवर पिशवी टाकणारा प्रत्येक जण मला कारण सांगायचा. गाडी आली नाय, आई आजारी हाय, आजच टाकतोय. एकाचं ऐकलं नाय मी! आता माझं कुणी का ऐकावं?"

तरी मी त्यांना रविवारच्या मीटिंगला ओढून नेलंच. अण्णा म्हणाले, मीही येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर, मोबाइल हातात घेऊन तयारच. त्यांनी सभ्यपणे विचारलं, "मॅडम, हा व्हिडिओ तुमचाच ना?"

बाई उभ्या राहिल्या. "व्हिडिओ खरा आहे. टाकला मीच. चुकलं." आणि खाली बसल्या.

"पण का टाकलात?"

"टाकला म्हणजे टाकला."

मी त्यांना चिमटा काढला. काही उपयोग नाही. मागून एक गृहस्थ म्हणाले, "हे बघा, आज पुडा टाकतात, उद्या काय टाकतील? आम्ही एवढी मेहनत घेतो इथे." आणि बाई चक्क त्यांच्या बोलण्याला मान डोलावत होत्या! मला वाटलं, संपलं सगळं. आता त्या धुरात परत.

तेव्हा अण्णांनी हात वर केला. ते उठले नाहीत. खुर्चीतूनच, थांबत थांबत, श्वास घेत बोलले. "माझ्या छातीला धूर चालत नाही. आमच्या शेजारी कचरा जाळतात. आमच्या तिथं हिच्याशिवाय कुणी कुणाला बोलत नाही." मग जरा दम खाल्ला. "म्हणून ही घर बघताना आधी कचरा टाकते. बोलणारी माणसं असली, तरच मला तिथं न्यायचं म्हणते. तुम्ही बोललात. तिला फार आवडलं." पुन्हा श्वास घेतला आणि हसले. "आता तुम्ही नाही म्हणालात, तर तिला तुमची सोसायटी अजूनच आवडेल."

पहिल्यांदा सेक्रेटरी हसले. मग सगळेच. मागचे ते गृहस्थ तेवढे पुटपुटले, "असं कोण करतं हो?" स्नेहल त्या दिवशी हेल्मेटशिवाय होती, ती पुढे आली आणि अण्णांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "काका, तुम्ही या. आणि काकू, पुन्हा टाकलंत ना, तर मी परत बोलेन."

"बोललंच पाहिजेस," बाई म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी ते राहायला गेले. त्या थंडीत अण्णांना दवाखाना दिसला नाही. आधी गेटपर्यंत, मग बागेला एक चक्कर, मग दोन, असे ते चालायला लागले. बाई खिडकीत उभ्या राहून बघायच्या आणि उगाच ओरडायच्या, "अहो, मफलर!" पुढचीही थंडी तशीच गेली. मी गेले की अण्णा आता बोलायचे, पूर्ण वाक्यं. जुन्या घराकडे आम्ही एकदा गेलो होतो. ढीग भिंतीला टेकला होता. बाई बराच वेळ बघत राहिल्या. "मी ओरडत होते तेव्हाही टाकतच होते की," असं म्हणाल्या आणि स्कूटी वळवली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाई एकच सांगत होत्या. "घुसमटून नाही गेले. झोपेत गेले. श्वास चांगला चालू होता." मला त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नव्हतं. निवृत्तीनंतरही गळ्यात असायची ती शिट्टी आता नव्हती म्हणून असेल, पण त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, आई, आता एकटी राहू नको. बाई हो म्हणाल्या. मी निरोपाला गेले तेव्हा गाडीत सामान भरून झालं होतं. स्नेहलने प्रवासासाठी डबा करून आणला होता. बाई सगळ्यांशी नीट बोलल्या, सेक्रेटरींना नमस्कार केला. मी नेहमीचंच विचारलं.

"बाई, पुण्यातला एरिया कसा आहे हो? बघून आलात ना?"

"नाय गं."

"असं कसं? चला, मी रविवारी येते पुण्याला. दोघी जाऊन बघू, कोण बोलतंय ते."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मैदानावरून मुलांना वर्गात पाठवताना ठेवायच्या तसा. "कुणासाठी बघायचं, वर्षा? माझ्या छातीला कुठं काय झालंय?"

मुलाने दार उघडलं, त्या मागच्या सीटवर बसल्या. गाडी गेटबाहेर पडली आणि कोपऱ्यावर घंटागाडी उभी होती म्हणून थोडा वेळ थांबली. बायका, पुरुष, डबे घेऊन बरेच जण उतरले होते. मी गाडीकडे बघत राहिले. बाई मांडीवरच्या डब्याचं झाकण नीट लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून बाहेर बघितलं नाही.